शाळेच्या भिंतीपासून शंभर यार्ड

शाळा तंबाखूमुक्त म्हणून नोंदवायची तर नऊ निकष पुरे करावे लागतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत ते दिले आहेत. त्यातली फलक, पोस्टर, सहा महिन्यांतून एखादा जनजागृतीचा कार्यक्रम, आचारसंहितेत तंबाखूबंदीचं कलम, बंदी पाळली जाते का ते बघणाऱ्या तंबाखू मॉनिटरची नेमणूक ही कामं मनावर घेतलं तर पटापट होतात. घोषवाक्यांची स्पर्धा आणि प्रभातफेरी आपल्या शाळांना नवी नाही. घाम फुटतो तो तीन ठिकाणी. आवारात तंबाखूच्या वापराची एकही खूण दिसता कामा नये. कुंपणापासून शंभर यार्डांची हद्द आखलेली हवी. आणि त्या हद्दीत तंबाखू विकणारं एकही दुकान नको.

मी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मोठ्या सरांनी हे काम माझ्याकडे दिलं तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला तो असा, की आपल्याकडे लोक तंबाखू मळतात, बायका मिश्री लावतात, मग मॅडम फुप्फुसांचं एवढं कशाला लावून धरतात? प्रश्न रास्त होता. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के, बाकीचा भार बार भरणाऱ्यांचा आणि मिश्रीचा. मिश्रीवर आम्ही वेगळं काम केलं, आयांच्या मेळाव्यात केलं. पण बार भरणाऱ्याचा तंबाखू त्याच्या गालात राहतो. विडीचा धूर मात्र घरभर फिरतो आणि विडी कधी हातात न धरलेल्या पोराच्या छातीत जातो. शिवाय आता शाळेत एक नवी वस्तू शिरू पाहते आहे, तिला ना थुंकी लागते ना काडेपेटी. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात आवारापासून केली. नववीच्या मुलामुलींना हातमोजे दिले आणि सगळं आवार पिंजून काढायला सांगितलं. मला वाटलं होतं स्वच्छतागृहामागे चार-दोन थोटकं मिळतील. मिळाली सगळीकडे. रंगमंचाच्या पायऱ्यांखाली, कडुलिंबाच्या पारावर, ओढ्याकडच्या भिंतीच्या कडेनं. विड्यांची थोटकं, सिगारेटचे फिल्टर, पुड्यांचे कागद, आणि खेळाच्या सामानाच्या खोलीमागे भिंतीवर थुंकीचे वाळलेले ओघळ. एका मुलीनं फिल्टर सोलून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हा कापूस आहे का?" तो कापूस नसतो. सेल्युलोज ॲसिटेटचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे बारीक तंतू असतात, आणि ते मातीत वर्षानुवर्षं कुजत नाहीत. फिल्टर असला की धूर गाळून येतो, असं निम्म्या वर्गाला घरून ऐकून माहीत होतं. धुरातलं कार्बन मोनॉक्साइड हा वायू आहे. तो त्या तंतूंतून सरळ आत जातो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. हे पुस्तकात आहे, पण हातात फिल्टर धरून सांगितलं की पोरं वेगळ्या डोळ्यांनी ऐकतात.

थोटकं कुणाची, याचा माग लावायला वेळ लागला नाही. आमचं मैदान रात्री टेनिस बॉलच्या स्पर्धांना जातं, सुट्टीत लग्नांना जातं, निवडणुकीत मतदान केंद्राला जातं. कचरा करणारी विद्यार्थी नव्हे, मोठी माणसं होती. मग मैदान मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी हमी घ्यायची, असं शाळा समितीनं ठरवलं. पहिल्याच स्पर्धेच्या मंडळानं कुरकुर केली, पण सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचीच पोरं मैदान झाडायला आली. आमच्यातल्या एका सहकाऱ्यालाही पुडीची सवय होती. मोठ्या सरांनी त्यांना चारचौघांत काही म्हटलं नाही. केबिनमध्ये बसवून बोलले आणि जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू मुक्ती केंद्राचा रस्ता दाखवला. शिक्षकाच्या खिशात पुडी असताना फलकाचा काहीही उपयोग नाही. इथे सरांनी भीड ठेवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग मोजणी. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. खेळाच्या सामानात तीस मीटरचा टेप होता. तो तीनदा टाकायचा आणि वर एक मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर. टेपचं एक टोक तंबाखू मॉनिटर असलेल्या मुलीच्या हातात, दुसरं दहावीच्या मुलाच्या, आणि मागून खडूनं खूण करणारी पोरांची रांग. रस्त्यावर दुचाक्या थांबल्या, पारावरची माणसं उठून आली. "फाटकापास्नं मोजा की, भिंतीपास्नं कशाला?" असा पहिला आक्षेप आला. नियमात उत्तर स्पष्ट आहे: शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, आणि चहूबाजूंनी सरळ रेषेत. फाटकाचा काही संबंध नाही.

सरळ रेषेचा मुद्दा पुढे एका किराणा दुकानाशी अडला. दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. भिंतीच्या कोपऱ्यापासून रस्त्यानं साठ मीटर जायचं, काटकोनात वळायचं आणि गल्लीत पंचेचाळीस मीटर. म्हणजे चालायला एकशेपाच मीटर. दुकानदारांनी टेप स्वतः धरून पाहिला आणि म्हणाले, "बघा, मी बाहेर आहे." मधे उसाचं शेत असल्यानं सरळ टेप टाकता येईना. तेव्हा दहावीच्या पोरांनी गणिताच्या सरांना बोलावून आणलं. साठचा वर्ग तीन हजार सहाशे, पंचेचाळीसचा वर्ग दोन हजार पंचवीस, बेरीज पाच हजार सहाशे पंचवीस, वर्गमूळ पंच्याहत्तर. दुकान पंच्याहत्तर मीटरवर, म्हणजे हद्दीच्या पुष्कळ आत. पायथागोरसचा सिद्धांत आम्ही फळ्यावर किती वर्षं शिकवतो. उसाच्या बांधावर वहीत मांडलेला पाहून दुकानदार बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिले. लगेच ऐकलं नाही त्यांनी. पण "अंतर चुकलंय" हे म्हणणं तिथेच संपलं.

मोजून झाल्यावर रस्त्यावर पिवळ्या ऑइलपेंटची पट्टी मारली आणि कडेला 'तंबाखूमुक्त क्षेत्र' असं लिहिलं. अक्षर नववीतल्या एका मुलाचं आहे, चांगलं वळणदार आहे.

रेघेच्या आत, फाटकासमोरच, तात्यांची टपरी. तात्या म्हणजे गावातले सगळे त्यांना तात्याच म्हणतात. गुडघे गेल्यापासून शेतात वाकवत नाही, म्हणून चहाची टपरी टाकली. चहाबरोबर पुडी, विडी, आणि बरणीत उभी केलेली सुटी सिगारेट. कायदा त्यांच्या विरोधात तीन ठिकाणी होता. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही आणि अठराच्या आतल्याला कुठेच विकता येत नाही. सुट्या सिगारेट आणि विडीच्या विक्रीवर महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. सुटी सिगारेट घेणाऱ्या पोराला पाकिटावरचं ८५ टक्के जागेतलं चित्र दिसतच नाही आणि थोड्या पैशांत काम भागतं, हे त्या बंदीचं कारण. आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ६ चा दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे, त्याला कुणी भीत नाही. ७७ कलम मात्र बहुतेक टपरीवाल्यांनी ऐकलेलंच नसतं.

मी कलमांचा कागद पर्समध्ये ठेवून तात्यांकडे गेले आणि चहा मागितला.

"मॅडम, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर निस्त्या चहावर दुधाचं बिल बी निघंना. पुडीवर चार पैसं सुटत्यात म्हणून टपरी उभी हाय."

"पोरांना देता का तात्या?"

"बारक्यांना न्हाय देत. कॉलेजवाली मागत्यात. आणि 'पप्पांनी मागवली' म्हणून एखादं बारकं येतं. आता बाप सांगतो म्हटल्यावर मी काय करू?"

ही 'पप्पांनी मागवली'ची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. पोराच्या हातात पहिली विडी बहुतेक वेळा मित्र देत नाही, घरचं माणूस देतं, आणायला पाठवून. पालकसभेत मी हे नावं न घेता सांगितलं. सभेत शांतता पसरली, कारण तिथे बसलेल्या बऱ्याच जणांनी मुलाला असं पाठवलं होतं.

तात्यांचा प्रश्न पोटाचा होता, त्याला कायद्यानं उत्तर मिळत नाही. ग्रामसभेत विषय घेतला तेव्हा बचत गटाच्या बायका आमच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पण त्याच बैठकीत सरपंचांनी हेही मांडलं, की तात्यांनी पुडी काढली तर शाळेचा वह्या-पेनांचा किरकोळ माल, चिक्की, लाडू आणि शिक्षकांचा रोजचा चहा त्यांच्याकडूनच घ्यावा. शाळेनं ते मान्य केलं आणि ठराव झाला. तात्यांनी बरणी काढली. कमाई पूर्वीइतकी होत नाही, हे ते अजून भेटेल तेव्हा सांगतात, आणि ते खरं आहे. मागच्या गल्लीतल्या किराणावाल्यांनी मात्र पोलीस पाटलांसह ठरावाची प्रत हातात पडल्यावरच माल हलवला. दोघांकडेही आता तंबाखू नाही, पण मनापासून मान मी तात्यांना देते.

निकषांत एक जनजागृतीचा कार्यक्रम असतो. बाटलीत कापूस घालून सिगारेट ओढायला लावायची आणि काळा झालेला कापूस दाखवायचा, हा प्रयोग सगळीकडे करतात. मी केला नाही. तंबाखूमुक्त आवारात शिक्षिकेनंच सिगारेट पेटवायची, हे मला पटत नाही. त्याऐवजी पाच लिटरचा पारदर्शक कॅन घेतला, मोजपात्रानं पाणी ओतत अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा केल्या, काठोकाठ भरून परातीतल्या पाण्यात उलटा धरला आणि तोंडाखाली प्रयोगशाळेतली रबरी नळी सरकवली. नळीच्या टोकाला प्रत्येकानं आपली नवी स्ट्रॉ लावायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळी हवा आत फुंकायची. पाणी जितकं खाली जाईल तितकी हवा तुमच्या छातीतली. पोरांची झुंबड उडाली. कबड्डी खेळणाऱ्या एका मुलीनं पाणी तीन लिटरच्या खुणेच्याही खाली नेलं तेव्हा वर्गानं शिट्ट्या मारल्या.

पालकसभेच्या दिवशी तोच कॅन व्हरांड्यात ठेवला. आईबापांनाही फुंकायला सांगितलं. नववीतल्या एका मुलीचे पप्पा, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवणारे, पंचेचाळिशीचे, धट्टेकट्टे. त्यांनी जोरात सुरुवात केली, पण हवा संथपणे बुडबुड करत येत राहिली आणि मधेच ढास लागली. त्यांचा आकडा लेकीच्या आकड्याला जेमतेम टेकला.

"सकाळी जरा ढास लागते, बाकी काय न्हाय," ते म्हणाले. विडी पंधराव्या वर्षापासून.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हा कॅन म्हणजे तपासणी नव्हे, तो फक्त किती हवा ते दाखवतो. खरा प्रश्न हवा किती वेगानं बाहेर पडते हा आहे, आणि त्याला स्पायरोमेट्री करावी लागते. ते यायला तयार नव्हते. लेक अडून बसली. शेवटी साताऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडे ते दोघं निघाले आणि त्यांच्या आग्रहावरून मीही गेले.

स्पायरोमेट्री करायला सुई नाही, भूल नाही, पण दम लागतो. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, पोट फुटेस्तोवर श्वास आत, आणि मग एकदम धडाक्यानं बाहेर. बाहेर टाकत राहायचं, किमान सहा सेकंद. तंत्रज्ञ ताई शेजारी उभ्या राहून ओरडत होत्या, "मारा, मारा, मारा, अजून, अजून, सोडू नका!" एकसारखे तीन प्रयत्न जमेपर्यंत पुन्हा पुन्हा. त्यानंतर श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध पंपानं दिलं, पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि सगळं परत. औषधानंतर आकडा बराचसा नीट झाला तर दम्याकडे बोट जातं. तसाच अडकून राहिला तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार. आपल्या गावांत दोन्हीला 'दमा'च म्हणतात, आणि म्हणून अर्ध्या लोकांना आपल्या आजाराचं कारण विडी आहे हे कळतच नाही.

पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा, हे गुणोत्तर औषधानंतरही ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या असं धरतात. त्यांचं त्याच्या खाली होतं.

डॉक्टरांनी कागदावर श्वासनलिकेचं झाड काढलं. फांद्या बारीक होत जातात आणि टोकाला वायुकोश, प्रत्येक माणसाच्या छातीत कोट्यवधी. त्या नळ्यांच्या आतल्या कडेला केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात, ते धूळ आणि कफ सतत वर ढकलत असतात. विडीच्या धुरानं ते आधी मंदावतात, मग झडतात. रात्रभर साचलेला कफ सकाळी ढास लागून काढावा लागतो तो त्यामुळे. वायुकोशांच्या भिंती एकदा फाटल्या की परत जोडल्या जात नाहीत. विडीच्या पानाची गुंडाळी सच्छिद्र नसते, ती विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते, त्यामुळे लहान दिसली तरी ती सिगारेटपेक्षा सौम्य नाही.

"म्हंजे आता सोडून काय उपेग?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी गावात पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी माणसांकडून ऐकला आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक शाळेत सांगायला हवं असं मला वाटतं. १९७७ मध्ये फ्लेचर आणि पीटो या ब्रिटिश संशोधकांनी लंडनमधल्या कामगारांच्या श्वासाच्या नोंदी वर्षानुवर्षं घेऊन जे मांडलं ते आजही शिकवलं जातं. पंचविशीनंतर प्रत्येकाच्या फुप्फुसाची ताकद, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, थोडी थोडी कमी होते, वर्षाला साधारण तीस मिलिलिटर. धुराचा त्रास होणाऱ्या माणसात ती कितीतरी वेगानं घसरते. त्यानं ओढणं सोडलं तर गेलेलं परत येत नाही, पण घसरण पुन्हा न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. पंचेचाळीसला सोडणारा साठीत शेतात चालत जाऊ शकतो, न सोडणाऱ्याला साठीत अंघोळ करतानाही धाप लागू शकते.

तिथून जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांकडे. त्यांनी विडी कधी लागते ते विचारून लिहून घेतलं: उठल्या उठल्या, चहानंतर, ट्रॅक्टरवर चढताना, जेवणानंतर. निकोटिनचा डिंक दिला आणि कसा वापरायचा ते दाखवलं. च्युइंगमसारखा सपासप चावायचा नाही. थोडा चावायचा, जिभेला चरचर लागली की थांबायचं आणि गालात धरायचा; चरचर गेली की पुन्हा थोडा चावायचा. तलफ काही मिनिटांची असते, तेवढ्यात पाणी प्यायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, जागा बदलायची. आणि एक गोष्ट त्यांनी आधीच सांगून ठेवली म्हणून पुढे फार उपयोग झाला: सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो, कारण मंदावलेले तंतू परत कामाला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. 'विडी सोडली आणि छाती बिघडली' म्हणत लोक नेमके तिथेच परत वळतात. १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय क्विटलाइन आहे, पाकिटावर छापलेली असते. मुलीचे पप्पा तिच्यावरही बोलले. त्यांची विडी सध्या बंद आहे.

आता त्या नव्या वस्तूबद्दल. मोजणी-रंगकामात आम्ही गुंतलो असताना शिपाई मामांनी एकदा येऊन सांगितलं, की मधल्या सुट्टीत दहावीच्या वर्गात कुणीतरी आंब्याचं अत्तर मारतंय. अत्तर नव्हतं. एका मुलाच्या दप्तरात हायलायटर पेनासारखी दिसणारी गुळगुळीत वस्तू निघाली. ती वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, पुण्याला शिकणाऱ्या चुलतभावानं दिली होती. वर्गातल्या पोरींना ती पेन ड्राइव्ह वाटत होती. खरं सांगायचं तर, हातात घेईपर्यंत मलाही तिच्यात काही विशेष दिसलं नसतं. थोटूक नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही. आमचे नऊ निकष थुंकी आणि थोटूक शोधायला बसलेले, आणि ही वस्तू त्या जाळीतून सहज निसटते.

"मॅडम, ह्यात तंबाखू नाहीये, नुसती वाफ आहे," मुलगा म्हणाला. खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच सांगितलं गेलं होतं.

मी त्यालाच वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. निकोटिन ५ टक्के. म्हणजे दर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम. हे निकोटिन क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे घशाला ठसका लागत नाही. विडीचा पहिला झुरका पोराला खोकवतो, नको म्हणायला लावतो. इथे ती अडचण काढूनच टाकलेली आहे. आत प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात सुगंध. बॅटरीवर तारेचं वेटोळं तापतं आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब तयार होतात, ते थेट वायुकोशापर्यंत पोचतात. तापताना फॉर्मल्डिहाइडसारखी संयुगं तयार होतात, तारेतून निकेल, क्रोमियमचे अंश उतरतात. आंब्याचा सुगंध खायला सुरक्षित असेल, पण पोट आणि फुप्फुस एका कामाचे अवयव नाहीत. पॉपकॉर्नला लोण्याचा स्वाद देणारं डायअसेटिल लोक खातात; तेच अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यात हवेतून श्वासात गेलं तेव्हा कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या बंद झाल्या. काही वेपच्या द्रवांतही ते सापडलेलं आहे.

दहावीचा वर्ग हुशार असतो. एकानं विचारलं, "पण मॅडम, इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला हेच देतात ना?" देतात. जो मोठा माणूस रोज सिगारेट ओढतो, त्याला ती सोडायला तिथली आरोग्यसेवा वेपचा पर्याय सांगते, कारण जळत्या तंबाखूपेक्षा तो कमी घातक आहे. पण त्याच देशानं एकदा वापरून फेकायच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी घातली आणि मुलांमधलं वेपिंग हे त्याचं एक मोठं कारण होतं. पंधरा वर्षांच्या न ओढणाऱ्या मुलानं तुलना सिगारेटशी करायची नाही, स्वच्छ हवेशी करायची. त्याची फुप्फुसं विशीपर्यंत वाढत असतात आणि मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. २०१९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत वेपिंगमुळे फुप्फुसांना झालेल्या गंभीर इजेचे २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ जण दगावले, हेही मी सांगितलं. पण त्यातल्या बहुतेकांनी गांजातलं टीएचसी असलेली, वेपमध्ये बसवायच्या द्रवाची भेसळीची काडतुसं वापरली होती आणि मुख्य संशय त्यातल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं. पोरांना अर्धवट सांगून घाबरवलं तर ती मोबाइलवर शोधतात, उरलेलं अर्धं सापडतं, आणि मग आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोठ्या सरांनी मुलाच्या वडिलांना बोलावलं, वस्तू पत्र लावून पोलीस ठाण्यात जमा केली आणि मुलाचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. तो मुलगा पुढचे काही दिवस चिडचिडा होता, वर्गात लक्ष लागत नव्हतं. निकोटिन सुटताना असं होतं, हे त्याच्या आईला आधीच सांगितलेलं असल्यानं घरात मारझोड झाली नाही. समुपदेशकांशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं.

पडताळणी झाली आणि प्रमाणपत्र मिळालं. पिवळी पट्टी पावसाळ्यानंतर फिकी पडते आणि डांबर टाकलं की पूर्ण जाते, म्हणून आता दर वर्षी दहावीच्या भूमितीच्या तासालाच ती पुन्हा मोजायची असं गणिताच्या सरांनी नियोजनात घातलं आहे. दप्तराच्या तपासणीचा सोपा रस्ता आम्ही घेतलेला नाही. त्याऐवजी पालकसभेत वेपची छायाचित्रं दाखवतो, म्हणजे आईबापांना घरात दिसली तर ओळखता येईल.

ज्या शाळांचं शेवटच्या दोन निकषांवर अडलं आहे त्यांनी ग्रामपंचायतीला द्यायच्या पत्रात चार गोष्टी जरूर घालाव्यात: कुंपणापासून सरळ रेषेत मोजलेलं प्रत्येक दुकानाचं अंतर, कलम ६ बरोबर बाल न्याय कायद्याचं कलम ७७, सुट्या सिगारेट-विडीवरच्या २०२० च्या बंदीचा उल्लेख, आणि दुकानदारानं माल काढल्यावर शाळा त्याच्याकडून काय घेईल ते. शेवटची ओळ गाळू नका. आमच्या ग्रामसभेत ठराव त्याच ओळीवर मंजूर झाला.